ब्लोअरला दिलेला नैवेद्य

बाळांनो, आधी एक काम करा. आहात तिथेच बसा आणि मनातल्या मनात एक गाडी उभी करा. सायीच्या रंगाची, लांबलचक, समोरून बघायला लागलं तर मागचं टोक दिसेपर्यंत भूक लागेल अशी. आता तिच्यावर पाणी ओता. भरपूर ओता, कल्पनेतल्या पाण्याला कोणी ओरडत नाही. टपावर थेंब, काचेवर थेंब, दारांच्या मुठींमध्ये लपून बसलेले थेंब. दिसले? आता सांगा, ही गाडी कोरडी कशी कराल?

फडक्याने पुसू, असं तुमच्यातले बरेचजण म्हणतील. एखादा आळशी म्हणेल, उन्हात राहू द्या, वाळेल आपोआप. मी त्या आळशाच्या बाजूचा आहे. पण माझा मुलगा गिरीश नव्हता.

गिरीश अमेरिकेत टेक्सासमध्ये शुगर लँड नावाच्या गावात राहायचा आणि तेलाच्या कंपनीत इंजिनिअर होता. गावाचं नाव ऐकून मला आधी वाटलं होतं की मुलं तिथे रस्ता चाटत असतील. तसं काही नव्हतं. सरळ रस्ते, सारखी घरं आणि नागपूरला लाजवील असं ऊन, वर घाम. १९८४ साली मी सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलो होतो. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो, आणि त्या घरात शिकवायला एकच मूल होतं: माझी नात पद्मिनी. वय नऊ. मराठी तिला सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं.

दर शनिवारी सकाळी गिरीश गाडी धुवायचा. धुणं वीस मिनिटांत व्हायचं, कोरडं करायला दीड तास लागायचा. कारण तिथलं पाणी जड. जड म्हणजे उचलायला जड नव्हे. त्यात क्षार जास्त विरघळलेले असतात. थेंब उन्हात वाळला की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, पांढरा गोल डाग होऊन. म्हणून थेंब वाळायच्या आत टिपायचा. आणि टिपताना घासायचं नाही, कारण धुळीचा एक कणसुद्धा रंगावर ओरखडा काढतो.

यासाठी गिरीशने पद्धत बसवली होती. पद्मिनीच्या आजीचं एक नऊवारी पातळ होतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. ते त्याने नागपूरहून नेलं आणि त्याचे नऊ तुकडे केले. टपाचा तुकडा वेगळा, बॉनेटचा वेगळा, प्रत्येक दाराचा वेगळा. वसुधाने, म्हणजे माझ्या सुनेने, एकदा टपाचा तुकडा दाराला लावला तर त्याने अर्धा दिवस अबोला धरला. आरशांच्या मागे आणि मागच्या अक्षरांच्या फटींत राहिलेलं पाणी तो कान साफ करायच्या काडीने टिपायचा. पद्मिनीची आजी हयात असती तर म्हणाली असती, मी नेसले त्यापेक्षा ही गाडीच माझं पातळ जास्त नेसली.

आता या दीड तासाशी पद्मिनीचा काय संबंध, ते सांगतो. मे महिन्यात तिच्या वाढदिवसाला निळी सायकल आली होती. पुढे टोपली, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी आधाराची छोटी चाकं. गिरीशने कबूल केलं होतं की पुढच्या शनिवारी ती छोटी चाकं काढायची आणि तो तिला शिकवणार. पुढच्या शनिवारी गाडी पुसेपर्यंत ऊन चढलं. त्याच्या पुढच्या शनिवारी गाडी पुसेपर्यंत पाहुणे आले. मग जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. मी मोजलं होतं, एकोणीस शनिवार झाले होते. मी शिकवलं असतं, पण सायकलमागे धावण्याच्या कामातून माझे गुडघे माझ्याआधीच निवृत्त झाले होते. आणि खरं सांगायचं तर तिला आजोबा नको होते, बाबा हवे होते.

त्यात विष्णूकाकांचा विनय. विष्णूकाका म्हणजे गिरीशचे स्नेही, आमच्या घरची पूजा सांगणारे. त्यांचा विनय सात वर्षांचा आणि दोन चाकांवर वाऱ्यासारखा फिरायचा. एकदा येऊन त्याने सायकलकडे बघितलं आणि विचारलं, "यू स्टिल हॅव बेबी व्हील्स?" त्या दिवशी पद्मिनी जेवताना एक शब्द बोलली नाही.

पण मूल गप्प बसलं म्हणजे त्याचं डोकं थांबलं असं समजू नका. पद्मिनीने गणित मांडलं होतं. गाडी दहा मिनिटांत कोरडी झाली, तर बाबा मोकळे. बाबा मोकळे, तर सायकल.

एकदा भर पावसात आम्ही मोठ्या रस्त्याने येत होतो. समोरच्या काचेवरचे थेंब खाली यायच्या ऐवजी वर पळत होते. तिने मला कारण विचारलं. मी सांगितलं की वारा त्यांना ढकलतो. गाडी जोरात चालली की समोरून येणारी हवा थेंबांना पुसत नाही, हाकलते. ती बराच वेळ काचेकडे बघत राहिली. आणि दोनच दिवसांनी शेजारचे मिस्टर हॉलिस आपल्या अंगणात पानं उडवत होते. ते म्हातारे गृहस्थ, लाल टोपी घालणारे. त्यांच्या हातात एक यंत्र होतं, मागे छोटं इंजिन आणि पुढे हत्तीच्या सोंडेसारखी नळी. नळीतून हवेचा असा झोत यायचा की पानं पळत सुटायची. तिकडे त्याला ब्लोअर म्हणतात. रात्री पाऊस झालेला होता, अंगणातला रस्ता ओला होता, आणि मिस्टर हॉलिस जिकडून जात तिकडे पानांबरोबर पाणीही हटत होतं. मागे कोरडा पट्टा राहत होता.

पद्मिनीने माझा सदरा ओढला. मलाही दिसलं होतं, पण मी गप्प राहिलो. उत्तर मुलाच्या तोंडातून निघेपर्यंत मास्तरांनी खिडकीबाहेर बघावं, हा माझा जुना नियम.

तिने बाबांपुढे बेत मांडला. गिरीशने लगेच नाही म्हटलं नाही, कारण इंजिनिअर लोक आधी आकृती मागतात. तिने आकृती काढली. हवा वरून खाली न्यायची, आधी टप, मग काचा, मग दारं. नळी सरळ धरायची नाही, तिरकी धरायची. ताटातला मोहरीचा दाणा फुंकून बघा म्हणजे कळेल. वरून फुंकलं तर दाणा तिथेच गोल फिरतो, तिरकं फुंकलं तर पळतो. गिरीशने आकृती दोनदा बघितली. मग म्हणाला, या शनिवारी एकदा करून बघू. एक जरी डाग राहिला तरी पुन्हा पातळ.

"अँड इफ इट वर्क्स?" पद्मिनीने विचारलं.

"तर दहा वाजता सायकल," गिरीश म्हणाला.

मिस्टर हॉलिसनी शुक्रवारी संध्याकाळी ब्लोअर आमच्या गॅरेजमध्ये आणून ठेवला. शनिवारी दुपारी परत हवा, एवढीच त्यांची अट होती. दुपारी पानं काढली नाहीत तर मिसेस हॉलिस त्यांनाच उडवतील असं ते म्हणाले.

योगायोगाने तोच शनिवार आमच्या पूजेचा होता. खंडेनवमी आणि दसरा त्या आठवड्यातच होऊन गेले होते, पण तिकडे सण शनिवारपर्यंत थांबतात, सगळ्यांना सुट्टी मिळेपर्यंत. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, हे तुम्हाला माहीत असेल. राजांच्या तलवारी असायच्या. आपल्याकडे कात्री, विळी, पक्कड. वर्षभर राबणाऱ्या वस्तूंना एक दिवस मान. शुक्रवारी संध्याकाळी मी गिरीशची हत्यारांची पेटी उघडून नट फिरवायचे पाने पुसत होतो आणि पद्मिनीला हे समजावत होतो.

"एव्हरीथिंग? मिक्सरपण?"

मी म्हटलं, मिक्सरपण. आणि पूजा झाली की त्या हत्याराला त्या दिवशी विश्रांती. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उचलायचं नाही.

"नॉट इव्हन वन्स?"

"एकदासुद्धा नाही," मी म्हटलं.

गाडीचं काय, असं तिने विचारलं. मी सांगितलं की वाहनाला सूट आहे, नाहीतर विष्णूकाका पूजा सांगून घरी कसे जाणार? ती विचारात पडली. मी पुन्हा पान्यांकडे वळलो. पेटीत अर्ध्या इंचाच्या पान्याची जागा रिकामी होती. गिरीशने हरवला असेल, असं मला वाटलं.

आणि उठता उठता मी आणखी एक वाक्य बोललो. जो आपल्यासाठी राबतो त्याला उपाशी ठेवू नये, म्हणून पूजेनंतर नैवेद्य. वाक्य चांगलं होतं. फक्त हत्याराला नैवेद्य दुरून दाखवायचा असतो, हे सांगायचं राहिलं. शिकवणाऱ्याने अर्धं सांगितलं की उरलेलं अर्धं मूल स्वतः पूर्ण करतं. पस्तीस वर्षं शिकवूनही मी हे विसरलो.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. पद्मिनी गॅरेजमध्ये गेली. तिने असा विचार केला: ब्लोअर उद्या दुपारी घरी जाणार. उद्या अकरा वाजता त्याची पूजा झाली, तर त्याला विश्रांती लागेल आणि मिस्टर हॉलिसची पानं राहतील. म्हणजे त्याची पूजा आजच करायला हवी. शुक्रवारी पूजा, शनिवारी सकाळी विश्रांती संपली. या विचारात कुठे चूक आहे सांगा. मला अजून सापडलेली नाही.

तिने ब्लोअरच्या मुठीला हळदकुंकू लावलं. मग नैवेद्य. नैवेद्याला तोंड पाहिजे, आणि ब्लोअरला तोंड कुठे आहे हे कोणालाही दिसलं असतं. नळी वर करून तो भिंतीला टेकवलेला होता. आधी मूठभर अक्षता गेल्या, मग करंड्यातलं निम्मं कुंकू, मग उरलेली हळद. शेवटी वसुधाने सकाळीच वळलेला बेसनाचा एक लाडू. तो नळीत अगदी बेताने बसला. दिसेनासा होईपर्यंत तिने तो पट्टीने आत ढकलला, कारण तोंडात दिलं की गिळायला नको का?

तर बाळांनो, त्या मघाच्या ओल्या गाडीकडे परत या.

शनिवारी सकाळी गिरीश पांढराशुभ्र सदरा-लेंगा घालूनच बाहेर आला, कारण अकराला पूजा होती आणि आज भिजायचं फारसं काम नव्हतं. त्याने गाडी धुतली. चाकं शेवटी, कपडे धुवायच्या पावडरीने, कारण त्यांना मळ फार. नऊ तुकडे त्याने तरीही दोरीवर टांगून ठेवले होते, बंदोबस्तावरच्या पोलिसांसारखे. वसुधा दारात उभी होती. पद्मिनीला आणि मला त्याने पाच पावलं मागे उभं केलं. मग दोरी ओढून त्याने इंजिन सुरू केलं आणि नळी समोरच्या काचेकडे तिरकी धरली, आकृतीतल्यासारखी.

बारीक शिट्टी वाजली. हवा काही येईना.

"प्रेशर कमी आहे," गिरीश म्हणाला आणि त्याने खटका पूर्ण दाबला.

फट् असा आवाज झाला आणि लाडू काचेवर बसला. बसला म्हणजे तिथे नुसता लाडवाचा नकाशा राहिला. त्याच्यामागून पिवळा ढग आला, पिवळ्यामागून लाल, आणि मग अक्षता, लग्नात मंगलाष्टकांच्या शेवटी पडतात तशा, पण आडव्या. काचेच्या उतारावर आपटून निम्मा ढग परत फिरला आणि गिरीशवर आला. घाबरलं की हाताची मूठ घट्ट होते. त्याची झाली, आणि खटका मुठीतच होता. इंजिन ओरडत राहिलं, गिरीश नळी दूर करायला इकडेतिकडे वळत राहिला, आणि जिकडे वळला तिकडे गाडी ओली असल्यामुळे हळद चिकटत गेली. टप, बॉनेट, डावी दारं. एकही भाग उपाशी राहिला नाही.

अखेर वसुधाने पुढे होऊन बटण बंद केलं. सगळीकडे एकदम शांतता झाली. पिवळ्या चेहऱ्यातून दोन डोळे उघडले. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही, गाडीकडे बघितलं. आणि माझा मुलगा जे पहिलं वाक्य बोलला ते मी कधी विसरणार नाही.

"आरशामागचं पाणी निघालं," तो म्हणाला.

खरंच निघालं होतं. मूठभर पाणी आरशामागून उडून खाली पडलं होतं, काडी न लावता. पद्मिनीची कल्पना अगदी बरोबर होती, एवढं लक्षात ठेवा.

चाकांपाशी मात्र आणखी एक मजा झाली. तिथे साबणाचा फेस राहिला होता आणि त्यावर पडलेली हळद लालभडक झाली. हळदीला कपड्यांचा साबण लागला की ती लाल होते. एखाद्या जुन्या चिंधीवर करून बघा, आईच्या साडीवर करू नका.

पद्मिनी एक पाऊल पुढे आली. "सॉरी बाबा. आय ओन्ली फेड इट."

"काय फीड केलंस?"

"लाडू."

गिरीशने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं, टेक्सासमध्ये ते भरपूर असतं.

तो रागावला नाही. त्याने सदरा झटकला, आणखी थोडी हळद गाडीवर गेली, आणि तो म्हणाला की आता कपडे बदलून सगळी गाडी पहिल्यापासून धुवावी लागेल. मग पुसायचं, पातळानेच. मग जाता जाता, दाराशी, अगदी प्रेमाने म्हणाला, "सायकल पुढच्या शनिवारी, बेटा."

तो आत गेला. वसुधा त्याच्यासाठी टॉवेल आणायला गेली. पद्मिनी पायरीवर बसली आणि तिने गुडघ्यांत तोंड घातलं. हा विसावा शनिवार होता. मी शेजारी बसलो. अशा वेळी काही शिकवायचं नसतं.

तेवढ्यात विष्णूकाकांची गाडी आली. ते अकराला यायचे होते, सव्वानऊलाच आले. आठवडाभर ते एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी असायचे आणि शनिवार-रविवारी भटजी. त्या दिवशी त्यांना चार घरच्या पूजा होत्या, एकेक घर चाळीस मैलांवर. सोवळं नेसलेले, पायात पळायचे बूट आणि मनगटावर घड्याळ. विनय मागच्या डिकीतून स्वतःची सायकल काढायला लागला.

विष्णूकाकांनी आमच्या गाडीला एक फेरी मारली. टॉवेल ठेवून बाहेर आलेल्या वसुधाला म्हणाले, "वहिनी, यंदा अगदी मोकळ्या हाताने हळद लावलीत. लोक कंजूषपणा करतात." आणि घड्याळ बघून म्हणाले, "हत्यारं कुठे आहेत? आठ मिनिटांत आटपतो."

मी पद्मिनीकडे बघत होतो, म्हणून मला दिसलं. तिने गुडघ्यांतून तोंड वर काढलं. विष्णूकाकांच्या हातातल्या कुंकवाकडे बघितलं. मग बादलीकडे. मग घराच्या दाराकडे, जिथून बाबा यायचे होते. तिने फ्रॉकच्या बाहीने नाक पुसलं, उठली आणि बादली दोन्ही हातांनी सरकवत विष्णूकाकांच्या पुढे नेऊन ठेवली.

बादलीमागून पाण्याचा पाइप आला. मग स्पंज. मग चाकांचा ब्रश. मग ती दोरीपाशी गेली आणि आजीच्या पातळाचे नऊच्या नऊ तुकडे घडी करून घेऊन आली. शेवटी मी पुसलेली पान्यांची पेटी. विष्णूकाकांनी ब्लोअरकडे हात नेला तेव्हा तिने सांगितलं, "त्याची कालच झाली." वसुधा माझ्याकडे बघायला लागली. मी हात जोडून मंत्र ऐकत होतो.

गिरीश स्वच्छ कपड्यांत बाहेर आला तेव्हा आरती चालू होती. तो उभा राहिला, हात जोडले, टाळ्या वाजवल्या, प्रसाद घेतला आणि खाली वाकून बादली उचलायला गेला. विष्णूकाकांनी त्याचं मनगट धरलं.

"गिरीश, काय करतोस? पूजा झाली तिची. उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही."

गिरीशने बादली बघितली. कुंकवाचं बोट. पाइप बघितला, कुंकवाचं बोट. नऊ तुकड्यांवर नऊ बोटं. त्याने विष्णूकाकांना समजावलं की ओली गाडी, वरून हळद, वरून हे ऊन, उद्यापर्यंत ती कायमची पिवळी होईल. विष्णूकाका म्हणाले की ते सुरक्षा अधिकारी आहेत, नियमाला अपवाद केला की काय होतं ते त्यांना रोज बघावं लागतं.

"अण्णा, तुम्ही तरी सांगा," गिरीश माझ्याकडे वळला. "हे सगळं प्रतीकात्मक असतं ना?"

मी तोंड उघडायच्या आत वसुधा बोलली. "गेल्या वर्षी लॉनमोअरची पूजा झाली तेव्हा नव्हतं का हो प्रतीकात्मक? हात लावायचा नाही म्हणालात. गवत माझ्या गुडघ्याला लागलं तरी तुमची नवमी संपत नव्हती."

विष्णूकाका हसले नाहीत, पण त्यांनी उपरण्याने तोंड पुसायला नको तेवढा वेळ घेतला. मी गिरीशला एवढंच सांगितलं की हळदीचा डाग उन्हात उडतो. हे त्याला मीच आठवीत शिकवलं होतं. गाडी आज उन्हात राहिली तर उद्या धुणं सोपं जाईल. आज घासलास तर लाडवातली साखर काचेवर ओरखडे काढेल. त्यातली शेवटची गोष्ट मला खात्रीने माहीत नव्हती, पण तीच त्याला पटली.

गिरीश पायरीवर बसला. शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता त्याचे हात रिकामे होते. ते तो उलटेसुलटे करून बघत होता, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे.

तेवढ्यात मिस्टर हॉलिस दुपारची वाट न बघता ब्लोअर न्यायला आले. त्यांनी गाडी बघितली, टोपी काढली, आणि हा आमच्या सणाचा भाग आहे का असं मला विचारलं. मी हो म्हटलं. त्या दिवसापासून होताच. वसुधाने सगळा प्रकार सांगून माफी मागितली आणि त्यांना दोन लाडू दिले. एक त्यांनी खाल्ला, दुसरा खिशात ठेवला आणि हसत ब्लोअर घेऊन गेले. पुढे बरेच दिवस त्यांच्या अंगणातली पानं उडायची तेव्हा आमच्या दारापर्यंत भाजलेल्या बेसनाचा वास यायचा.

मग गॅरेजमधून निळी सायकल बाहेर आली. टोपलीला पिवळी फुलं बांधली होती, हँडलवर कुंकू होतं. वाहनाला सूट असते. पद्मिनीने ती बाबांसमोर आणून उभी केली.

गिरीशला सायकल दिसली, आधाराची चाकंही दिसली. त्याचा चेहरा पडला. या वेळी टाळायचं म्हणून नव्हे. "अगं, पण ही चाकं काढायला पाना लागेल," तो म्हणाला, आणि त्याने पेटीकडे बोट दाखवलं. पेटीत सगळे पाने ओळीने झोपले होते, प्रत्येकाच्या कपाळी कुंकू.

विनयने सायकल थांबवली. विष्णूकाकांनी घड्याळ बघायचं थांबवलं.

पद्मिनीने फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि अर्ध्या इंचाचा पाना बाहेर काढला. त्यावर हळद नव्हती, कुंकू नव्हतं, अक्षतेचा एक दाणा नव्हता.

"ह्याची पूजा नाही केली मी, बाबा," ती म्हणाली. सगळं वाक्य मराठीत.

तिने तो शुक्रवारी संध्याकाळीच काढून ठेवला होता, विश्रांतीचा नियम ऐकल्या ऐकल्या. रिकामी जागा मी बघितली होती आणि दोष गिरीशला दिला होता.

गिरीशने पाना हातात घेतला. त्याने पान्याकडे बघितलं, पिवळ्या गाडीकडे बघितलं, मग बराच वेळ मुलीकडे. बहुधा तो शनिवार मोजत असावा. मग स्वच्छ लेंग्यानिशी तो जमिनीवर गुडघे टेकून बसला आणि पहिली चाकी सोडवायला लागला.

पद्मिनी तीनदा पडली. दोनदा गवतावर, एकदा बाबांवर. चौथ्या वेळी गिरीश सीट धरून मिस्टर हॉलिसच्या टपालपेटीपर्यंत धावला आणि तिथे त्याने हात सोडला. तिला कळलं नाही. ती रस्ता जिथे संपतो तिथपर्यंत गेली. वळायचं कसं ते अजून शिकवलेलं नव्हतं, म्हणून ती थांबली, पाय टेकले, सायकल उचलून उलटी केली, पुन्हा बसली आणि परत आली. विनय म्हणाला, "नॉट बॅड." विष्णूकाका पुढच्या पूजेला पाऊण तास उशिरा पोचले.

संध्याकाळी गिरीश पायरीवर बसून पाणी पीत होता. घामाने ओला, भुवया अजून पिवळ्या, आणि त्याला इतकं खूश मी त्या सहा महिन्यांत बघितलं नव्हतं. गाडीवरची हळद उन्हाने निम्मी फिकी झाली होती. तिच्याकडे बघत तो आपल्याशीच म्हणाला, "पुढच्या शनिवारी मात्र हिला नीट वेळ द्यायला हवा. दीड तास तरी जाईल."

पद्मिनी शेजारीच सायकल पुसत होती. तिने ते ऐकलं. फडकं ठेवलं, हात धुतले, देवघरात गेली, कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि तो सायकलच्या टोपलीत ठेवला.